रस्ता ओलांडताना ‘गाडी अजून लांब आहे’ हा अंदाज का चुकतो?

“मी बघूनच निघाले होते हो डॉक्टर. गाडी चांगली लांब होती.”

खुब्याच्या हाडाचे ऑपरेशन झाल्यावर तपासणीसाठी आलेल्या ७१ वर्षांच्या एका आजींचे हे वाक्य. सोबतचा मुलगा लगेच म्हणाला, “आई, तू बघितलंच नसशील. बघितलं असतंस तर एवढी मोटारसायकल दिसली नसती का?” आजी गप्प झाल्या.

मला आजींचे म्हणणे खरे वाटले. रस्ता ओलांडताना धडक बसलेले अनेक ज्येष्ठ रुग्ण जवळजवळ हेच सांगतात. गाडी दिसली होती, लांब होती, मग अचानक अंगावर आली. घरच्यांना ती सबब वाटते. पण यात रुग्णाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. डोळे, मेंदू आणि पाय यांचा आपसातला हिशोब वयानुसार बदलतो आणि तो बदल ज्याचा त्याला कळत नाही. हा हिशोब घरच्यांनी समजून घेतला तर पुष्कळ अपघात टळतील, म्हणून हा लेख.

विषय किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक.

डोळ्यांना दिसते अंतर, पायांना लागतो वेळ

रस्त्याच्या कडेला उभे राहून आपण वाहनांमधली ‘फट’ शोधत असतो. ही फट आपल्याला अंतराच्या रूपात दिसते. पुढची गाडी त्या खांबापाशी आहे, म्हणजे जाता येईल. खरी गरज मात्र वेळेची असते. गाडी इथे पोहोचायला किती सेकंद आहेत आणि मला पलीकडे जायला किती लागतील, हा खरा प्रश्न.

समजा गाडी ६० मीटरवर आहे. तिचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल तर ती सुमारे ७ सेकंदांनी तुमच्यापाशी येईल. वेग ताशी ६० असेल तर साडेतीन सेकंदांत येईल. उभ्या जागेवरून दोन्ही गाड्या ‘तेवढ्याच लांब’ दिसतात.

आता पायांकडे येऊ. धडधाकट प्रौढ माणूस सेकंदाला साधारण १.२ ते १.३ मीटर चालतो. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवतानाही बऱ्याच ठिकाणी १.२ मीटरच धरतात. पण गुडघेदुखी असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या अनेकांचा वेग ०.७ ते ०.८ मीटर असतो. आमच्या आजी सेकंदाला साधारण ०.७ मीटर चालत असाव्यात. घरासमोरचा रस्ता १० मीटर रुंद. पंचेचाळिशीत त्या हा रस्ता आठ सेकंदांत ओलांडत असतील. आता त्यांना १४ सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल १४ सेकंदांत जवळजवळ २०० मीटर अंतर कापते. शहरातली मोठी बस साधारण १२ मीटर लांब असते, तशा सोळा बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढे हे अंतर. एवढ्या लांबची मोटारसायकल बघून “नको, थांबू या” असे कोणाला वाटेल? आजींना वाटले नाही. शंभर मीटर म्हणजे त्यांच्या लेखी भरपूर होते आणि पूर्वी ते खरोखरच भरपूर होते.

आणखी एक गोष्ट मुलाशी बोलताना कळली. त्या रस्त्याचे मधल्या काळात काँक्रिटीकरण झाले होते. खड्डे गेले, तसा गाड्यांचा वेगही वाढला. आजींचा अंदाज मात्र जुन्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर तीस वर्षे पक्का झालेला होता.

गाडीचा वेग मेंदूला कसा कळतो?

समोरून येणाऱ्या गाडीचा वेग ओळखणे फार अवघड असते. आडवी जाणारी गाडी किती जोरात जाते हे चटकन कळते, कारण ती मागच्या दुकानांच्या, झाडांच्या पुढून सरकताना दिसते. सरळ आपल्या दिशेने येणारी गाडी सरकत नाही, ती फक्त मोठी होत जाते. डोळ्यातली तिची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते, यावरून मेंदू अंदाज बांधतो.

इथेच गोम आहे. गाडी १०० मीटरवरून ५० मीटरवर आली की तिची प्रतिमा दुप्पट होते. पुढची दुप्पट व्हायला ती २५ मीटरवर आली की पुरते, म्हणजे निम्म्याच वेळात. त्यापुढची १२ मीटरवरच. म्हणून लांब असेपर्यंत गाडी जागेवर उभी असल्यासारखी वाटते आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एकदम ‘फुगते’. “आली कुठून कळलंच नाही” या वाक्यामागे हे गणित आहे.

वाहन अरुंद असेल तर फसगत आणखी वाढते. मोटारीच्या मानाने दुचाकीची रुंदी निम्म्याहून कमी. तितक्याच अंतरावर, तितक्याच वेगाने येणाऱ्या दुचाकीची प्रतिमा इतकी हळू वाढते की मेंदूला ती जाणवतही नाही. मोठी वाहने लवकर पोहोचतील आणि लहान उशिरा, असा मेंदूचा कल असल्याचे प्रयोगांतही दिसले आहे. म्हणून आपण ट्रकसाठी थांबतो आणि दुचाकीसमोरून निघतो.

रात्री तर दुचाकी म्हणजे अंधारातला एकच दिवा. मोटारीच्या दोन दिव्यांमधले अंतर वाढताना दिसते, त्यावरून थोडा तरी अंदाज येतो. एका दिव्याला ती सोयही नाही. त्यात आपल्याला समोरचा दिवा स्पष्ट दिसतो म्हणून आपणही चालकाला दिसत असू, असे वाटते. गडद कपड्यांतला माणूस चालकाला फार उशिरा दिसतो. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतानाही ताशी ५० च्या वेगातली गाडी थांबायला साधारण ३५ मीटर लागतात, कारण चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती वीसएक मीटर पुढे आलेली असते. पावसात याहून जास्त.

वय वाढल्यावर नेमके काय बदलते?

फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तरुण आणि ज्येष्ठ व्यक्तींना वाहतुकीची दृश्ये दाखवून ‘आता निघाल का?’ असे विचारले. ज्येष्ठांचा निर्णय मुख्यतः अंतरावर ठरत होता, वेगाचा हिशोब त्यात कमी होता. गाडी हळू असताना ते विनाकारण थांबत आणि गाडी वेगात असताना धोक्याची फट स्वीकारत. म्हणजे ज्येष्ठ मंडळी बेफिकीर असतात असे नाही. उलट ती पुष्कळदा जास्त वेळ थांबतात. मात्र जिथे थांबायला हवे नेमके तिथे अंदाज फसतो.

याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. प्रतिमेची वाढ टिपण्याची मेंदूची क्षमता कमी होते. निर्णय झाल्यावर पहिले पाऊल पडायला थोडा जास्त वेळ लागतो. आणि माणूस स्वतःच्या चालण्याचा वेग जुन्या आठवणीवरून धरतो. डोळ्यांचा नंबर दरवर्षी तपासला जातो. चालण्याचा वेग मात्र कोणी तपासत नाही आणि मला ही आपल्या तपासण्यांमधली मोठी उणीव वाटते.

दोन दिशांच्या रस्त्यावर निम्मा रस्ता पार केल्यानंतरचा टप्पा जास्त अवघड असतो. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या भागात गाड्या उजवीकडून येतात आणि दुसऱ्या भागात डावीकडून. निघताना उजवीकडची फट नीट पाहिलेली असते. डावीकडचा अंदाज मात्र त्याच वेळी, जास्त अंतरासाठी आणि जास्त सेकंदांसाठी बांधायचा असतो. शिवाय अनेक ज्येष्ठ चालताना पायांखाली बघतात, कारण पडण्याची भीती असते. मान वर होईपर्यंत परिस्थिती बदललेली असते.

आपले रस्ते, आपली पद्धत

पुस्तकातली ‘फट’ येईपर्यंत थांबायचे म्हटले तर आपल्याकडच्या कित्येक रस्त्यांवर संध्याकाळी तासभर उभे राहावे लागेल. म्हणून आपण हात दाखवत, एकेक गाडी मागे टाकत, थोडे पुढे थोडे तिरके असे जातो. वाहतूक अभ्यासक याला ‘रोलिंग गॅप’ म्हणतात. सबंध रस्त्यासाठी एक मोठी फट न शोधता प्रत्येक लेनपुरती छोटी फट पकडत जायचे. या पद्धतीत पादचारी आणि चालक एकमेकांचा अंदाज घेत असतात. तुम्ही याच गतीने पुढे जाल हे धरून दुचाकीस्वार तुमच्या मागून जायचे ठरवतो.

म्हणूनच मध्येच दचकून मागे फिरणे सर्वांत घातक. तुम्ही रिकामी केलेल्या जागेत तो आधीच वळलेला असतो. एकाएकी धावणेही तसेच. ज्यांना एका गतीने, मान वर ठेवून चालणे जमत नाही, त्यांनी ही पद्धत सोडून द्यावी. हे ऐकायला कठोर वाटेल, पण माझे मत स्पष्ट आहे. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्याने हात दाखवत गाड्यांमधून जाऊ नये.

आणखी दोन प्रसंग नेहमी ऐकायला मिळतात. एक, बसमधून उतरून बसच्याच पुढून ओलांडणे. थांबलेल्या बसआडून येणारी दुचाकी तुम्हाला दिसत नाही आणि तिला तुम्ही दिसत नाही. एखादा भला चालक हाताने ‘जा’ म्हणतो, तेव्हाही हेच. त्याची गाडी थांबली, त्याच्या शेजारून येणारी थांबली असेलच असे नाही. त्याच्या गाडीच्या कडेपर्यंत जाऊन पलीकडे डोकावायचे, मगच पुढचे पाऊल टाकायचे.

दुसरा प्रसंग जोडप्यांचा. काका पुढे, काकू चार पावले मागे. काकांना पुरेल एवढी फट असते आणि ते निघाले म्हणून काकूही निघतात. ती फट काकूंसाठी नव्हतीच. एकत्र जायचे तर शेजारी शेजारी, हळू चालणाऱ्याच्या गतीने.

कोणत्या आजारांत जास्त जपावे?

मोतीबिंदूत समोरच्या दिव्यांचा झगमगाट होतो आणि करड्या रस्त्यावरची करडी गाडी वेगळी दिसत नाही. काचबिंदूत समोरचे स्वच्छ दिसते, पण कडेचे क्षेत्र हळूहळू जाते, त्यामुळे रुग्णाला आपल्याला कमी दिसते हेच माहीत नसते. प्रोग्रेसिव्ह किंवा दोन नंबरांचा चष्मा असेल तर खाली बघताना फुटपाथची कड पुसट दिसते. चष्मा नवा असताना सुरुवातीचे काही दिवस गर्दीचा रस्ता टाळलेला बरा.

पक्षाघात होऊन गेलेल्यांविषयी मी विशेष सांगेन. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला असेल, तर काही रुग्णांचे डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण मेंदू त्या बाजूची नोंद घेत नाही. ताटातले डावीकडचे पदार्थ तसेच राहतात, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागतो. असा माणूस घरात बरा फिरतो म्हणून घरचे त्याला एकट्याला बाहेर सोडतात. रस्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र गाड्या डावीकडूनच येतात आणि पहिल्या भागात राँग साइडने येणारेही डावीकडूनच. ताटातले अर्धे अन्न राहत असेल, तर रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नका आणि डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

पार्किन्सनमध्ये पहिले पाऊल अडकते, कधी रस्त्याच्या मध्यावरही. मानेच्या मणक्यांच्या झिजेमुळे मान वळत नसेल तर सगळे शरीर वळवून बघायला हवे, नुसते डोळे फिरवून भागत नाही. ऐकू कमी येणाऱ्यांना मागून वळणारी गाडी कळत नाही आणि इलेक्ट्रिक स्कूटर तर चांगले कान असणाऱ्यांनाही पुष्कळदा कळत नाही.

औषधांपैकी झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांमुळे निर्णय मंदावतो. बीपीच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी बसल्यावरून उठताना चक्कर येते. बसस्टॉपच्या बाकावरून उठून लगेच रस्त्यात उतरू नये, अर्धा मिनिट उभे राहून मग निघावे. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशीपोटी पहाटे फिरायला जाणाऱ्यांची शुगर उतरली तर गोंधळ उडतो आणि पहाटेचा अंधार असतोच.

घरच्या घरी मोजून बघा

हल्ली बऱ्याच घरांत दोन फुटी फरशा असतात. अशा ओळीने दहा फरशा म्हणजे २० फूट, साधारण ६ मीटर. घरातल्या ज्येष्ठांना त्यांच्या नेहमीच्या चपला घालून, नेहमीच्या गतीने चालायला सांगा. मोबाईलवर वेळ लावा. दोन-तीन पावले आधीपासून चालत यायला सांगा, म्हणजे उभे राहून निघण्याचा वेळ त्यात येणार नाही. मोजतोय म्हटल्यावर सगळेच जोरात चालतात, म्हणून तीनदा मोजा आणि सर्वांत हळू वेळ धरा. बाजारातून येताना पिशवी हातात असते, तेव्हा एकदा पिशवी घेऊनही मोजा.

पाच सेकंद लागले तर वेग उत्तम. साडेसात लागले तर वेग ०.८ मीटर. नऊच्या पुढे गेले तर सिग्नलची वेळही पुरणार नाही, हे जाणून चला. एका दिशेच्या दोन लेन साधारण ७ मीटरच्या असतात. त्या ओलांडायला फरशांवरचा वेळ अधिक चार सेकंद, असा ढोबळ हिशोब धरा. मध्ये डिव्हायडर नसलेल्या चार लेनना याच्या दुप्पट.

मग एका दुपारी त्यांच्यासोबत नेहमीच्या जागी जा. कडेपासून दोन पावले मागे उभे राहा, ओलांडायचे नाही. त्यांना फक्त “आता निघेन” असे म्हणायला सांगा आणि तुम्ही सेकंद मोजा. त्यांना लागणारे सेकंद संपायच्या आत गाडी समोरून गेली, तर तो अंदाज चुकला. दहा-बारा वेळा करा. १९८० च्या दशकात एडिंबरो विद्यापीठातल्या डेव्हिड ली यांनी लहान मुलांसाठी अशीच पद्धत वापरली होती. खऱ्या रस्त्याशेजारी खोटा रस्ता आखून मुलांना तो ओलांडायला लावायचे. ज्येष्ठांनाही ती लागू पडते. एकच अट आहे, चूक निघाली की रागवायचे नाही. “बाबा, तुमच्या पायांना अकरा सेकंद लागतात, ती गाडी सात सेकंदांत आली” एवढेच सांगायचे. आकडा समोर आला की वाद कमी होतो, हा माझा अनुभव.

अंदाज चुकत असतील तर फट शोधण्याची वेळच येऊ नये अशी वाट ठरवा. हिरवा पादचारी दिवा नुकताच लागला असेल तरच निघायचे, लुकलुकत असेल तर पुढच्या वेळी. डिव्हायडर असेल तिथे दोन टप्प्यांत जायचे आणि मध्ये थांबून पुन्हा नव्याने बघायचे. स्कायवॉकचा सल्ला मी गुडघ्यांच्या रुग्णांना देत नाही, त्या पायऱ्या कोणी चढत नाही हे मलाही माहीत आहे. आजींच्या घरी वेगळा तोडगा निघाला. परतीची बस त्यांना घराच्या समोरच्या बाजूला सोडत असे. आता त्या एक स्टॉप पुढे, सिग्नलपाशी उतरतात आणि तिथून चालत मागे येतात. चार मिनिटे जास्त लागतात.

आणि घरातली लहान मुले?

नातवाचा हात धरून आजोबा निघतात तेव्हा दोघांचेही अंदाज कच्चे असू शकतात. २०११ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले की ताशी ३० किलोमीटरच्या थोडे वर वेग गेला, तर प्राथमिक शाळेतल्या मुलांना गाडी जवळ येत आहे हेच खात्रीने ओळखता येत नाही. ‘दोन्हीकडे बघ’ हे शिकवल्याने ही उणीव भरत नाही. साधारण दहा वर्षांपर्यंत वेगवान रस्त्यावर मुलांना एकटे सोडू नये.

धक्का लागलाच तर

ज्येष्ठ व्यक्ती पडल्यावर उभी राहू शकत नसेल किंवा एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर ओढून उठवू नका. खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागल्यानंतर उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर काहीही त्रास नसला तरी त्याच दिवशी दाखवा आणि औषधांची चिठ्ठी सोबत न्या. ज्येष्ठांच्या डोक्यातला रक्तस्राव कधी कधी इतका सावकाश होतो की लक्षणे दोन-तीन आठवड्यांनी दिसतात. तेव्हा पडल्याची गोष्ट सगळे विसरलेले असतात, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.